वाचन माझं, प्रार्थना तुझी

सरोज,

वाचन झालं की मी अजूनही थांबतो. अध्याय संपतो, बायबल मिटतो, चष्मा काढतो आणि तुझ्या खुर्चीकडे मान वळवतो. इतक्या वर्षांची सवय, मान आपोआप वळते. मग लक्षात येतं की आता कोणी बोलणार नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, बाहेर कोणीतरी स्कूटर लावतं, आणि आपली संध्याकाळची प्रार्थना अर्धीच राहते. तू गेल्यापासून ती रोज अर्धीच राहत आली आहे.

ही वाटणी आपल्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात झाली. कोणी ठरवून केली नाही. मी खणखणीत आवाजात अध्याय वाचला (नव्या नवरीवर छाप पाडायची होती, खोटं कशाला बोलू) आणि प्रार्थनेची वेळ आली तसा बायबलची पानं उलटत बसलो. छापील प्रार्थना मला सगळ्या पाठ होत्या. पण स्वतःच्या मनाने, स्वतःच्या शब्दांत देवाशी मोठ्याने बोलायचं म्हटलं की मला चारचौघांत अंगावरचा सदरा काढल्यासारखं व्हायचं. तू जरा वाट पाहिलीस आणि सरळ बोलायला लागलीस. निफाडला तुझ्या आईचा न हटणारा खोकला, माझी सिन्नरच्या कारखान्यातली नवी नोकरी, घरमालक दुरुस्त करत नव्हता तो नळ, सगळं त्यात आलं. मी आमेन म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तू भाजी फोडणीला टाकायची आणि मी कपडे वाळत घालायचे, तसं वाचन माझं आणि प्रार्थना तुझी, हे पक्कं होऊन गेलं.

चर्चच्या मंडळीत मला या वाचनाचा केवढा मान. रविवारी शास्त्रपाठ वाचायला मी, नाताळला मी, गुड फ्रायडेला मी. पाळक आले, बदलून गेले, पण माझं वाचन बदललं नाही. तू स्त्रियांच्या बाजूला खांबाजवळ बसून ऐकायचीस आणि घरी आल्यावर पदराने घाम पुसत म्हणायचीस, "तुम्ही वाचलंत ना, की देवालासुद्धा वाटत असेल, अरे वा, मी इतकं छान बोललो होतो का!" मला राग यायचा. थोडं बरंही वाटायचं.

तुझी प्रार्थना मात्र मला कधी पूर्ण पसंत पडली नाही, हे तुलाही माहीत आहे. तू डोळे उघडे ठेवायचीस. एक डोळा गॅसवर. एकदा मधेच थांबून "प्रभू, एक मिनिट हं," म्हणालीस आणि उठून दुधाखालचा गॅस बंद करून आलीस. मी म्हटलं, "देवाला कोणी एक मिनिट म्हणतं का?" तू म्हणालीस, "मग काय दूध उतू जाऊ देऊ? त्यालाच आवडायचं नाही." वरच्या मजल्यावरच्या साळवे वहिनींसाठी तू मागायचीस ते तर ऐकण्यासारखं होतं. "प्रभू, वहिनी बौद्ध आहेत, त्या तुला मानत नाहीत, ते तू मनावर घेऊ नकोस. बाई सोन्यासारखी आहे. तिचा गुडघा तेवढा बघ." मी आमेनच्या आधी खाकरायचो. ते खाकरणं म्हणजे माझा निषेध.

आणि निफाडला तुझ्या भावाच्या द्राक्षबागेत गारपीट झाली होती, ते वर्ष आठवतं? आपण सकाळी पोचलो तेव्हा बागेत पानं, घड, सगळं चिखलात लोळत होतं. तुझा भाऊ बांधावर डोक्याला हात लावून बसला होता. मी खिशातून नवा करार काढून सांत्वनाचा उतारा शोधायला लागलो. तू बागेच्या मधोमध गेलीस, वर पाहिलंस आणि म्हणालीस, "हे काही बरं केलं नाहीस." एवढंच. आवाज चढवला नाहीस, रडली नाहीस. शेजारणीला सांगावं तसं सांगितलंस आणि भावासाठी चहा टाकायला गेलीस. मी दचकून इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. परतीच्या एसटीत मी तुला बरंच समजावलं की देवाशी असं बोलू नये. तू खिडकीला डोकं टेकून झोपून गेलीस. की झोपेचं सोंग घेतलंस, ते विचारायचं राहिलं.

तुझ्या आजारात आपण जेवढं भांडलो तेवढं सगळ्या संसारात भांडलो नसू. आणि भांडण कशावरून, तर काय मागायचं यावरून. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं सांगितलं त्या दिवसापासून मी एकच धरून बसलो होतो, तू बरी व्हायलाच पाहिजेस. मंडळीत निरोप दिला, ओळखीच्या सगळ्या घरांतून प्रार्थना सुरू केल्या. आणि तू घरात बसून म्हणत होतीस, "रोज रोज तेच काय सांगायचं? तो काय बहिरा आहे? त्याला म्हणा, सोबत राहा. तेवढं पुरे." मला ते हार मानल्यासारखं वाटायचं. मी म्हणायचो, "तुझा विश्वास कमी पडतोय." तू म्हणायचीस, "माझा विश्वास आहे तेवढाच आहे. तुमची भीती वाढलीय."

सिन्नरच्या पुढे प्रार्थनेने आजार बरे करणारी एक आरोग्यसभा भरते असं कोणीतरी सांगितलं, तर मी भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून तिथे गेलो आणि प्रार्थना केलेलं तेल घेऊन आलो. दिवसभर उन्हात उभं राहून आणलेलं तेल. तू बाटलीचं बूच उघडून वास घेतलास आणि पहिल्यांदा गुडघ्यांना चोळलंस. "खरंच बरं वाटतंय हो. रविवारी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्या हवं तर," म्हणालीस आणि पोट धरून हसलीस. मी चिडून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तुझं हसणं मला आतून कापत गेलं होतं. मी तेल आणलं होतं कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं, आणि हे तुला कळत होतं, म्हणूनच तू हसत होतीस. आता हे समजतं. तो वाद मात्र तसाच राहिला. मला अजूनही वाटतं की मागायला हवं होतं, आणखी मागायला हवं होतं.

दवाखान्यात एक संध्याकाळ अशी आली की तुला बोलायचीही शक्ती नव्हती. तू हात हलवून म्हणालीस, "आज तुम्ही करा." मी पिशवीतून उपासनेचं पुस्तक काढलं आणि आजाऱ्यांसाठीची प्रार्थना वाचली. आवाज असा लागला की पलीकडच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक हात जोडून उभे राहिले. तू डोळे मिटून ऐकलंस. संपल्यावर एक डोळा उघडलास आणि म्हणालीस, "वाचन छान झालं." त्या अवस्थेतही तुला माझी फिरकी घ्यायची होती. मला तुला सांगायचं होतं की मला सोडून जाऊ नकोस. ते त्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मी ते वाचू शकलो नाही.

तुला कबरस्तानात नेलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. पाळकसाहेब तरुण आहेत, पण विधी नीट केला. त्यांनी माझ्यासाठी सांत्वन मागितलं, आपल्या लेकीसाठी, प्रीतीसाठी धीर मागितला, मंडळीसाठी आशा मागितली. तुझ्याबद्दल आभार मानले. तुझ्यासाठी मात्र कोणी काही मागितलं नाही. बरोबरच आहे. आपल्या पंथात गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. जो प्रभूजवळ गेला त्याला आता कशाची गरज, अशी शिकवण. कॅथलिक लोकांकडे महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना असते, तेव्हा गेलेल्याचं नाव घेतात. आपल्याकडे तसं नाही. ही शिकवण मी स्वतः तरुणांच्या वर्गात वर्षानुवर्षं समजावून सांगितली आहे आणि मला ती पटलेली आहे. पण मूठभर माती टाकताना माझ्या मनात आलं, परवापर्यंत तुझं नाव नाशिकातल्या कितीतरी घरांत प्रार्थनेत होतं. आणि आज ते सगळ्या घरांतून एकदम निघून गेलं. तू गेलीस ते एक, आणि तुझं नाव गेलं ते आणखी एक. हे दुसरं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

पहिले काही दिवस घरात माणसं होती. मंडळीतून डबे येत होते, प्रीती होती. मग प्रीती बंगळुरूला परत गेली, डबे थांबले, आणि इंदिरानगरातलं हे घर मला मोठं व्हायला लागलं. प्रीती फोनवर विचारते, "बाबा, संध्याकाळची प्रार्थना करता ना?" मी म्हणतो, वाचन करतो. ती पुढे विचारत नाही. तिलाही वाटणी माहीत आहे.

रविवारी चर्चला जातो. तिथे मला वाटलं होतं तुझी उणीव कमी जाणवेल, कारण तिथे आपण कधी एकत्र बसलोच नाही. पुरुष या बाजूला, स्त्रिया त्या बाजूला. पण गीत सुरू झालं आणि मला कळलं. तू नेहमी ओळीच्या शेवटी रेंगाळायचीस. सगळे थांबले तरी तुझा आवाज थोडा पुढे जायचा आणि पेटीवाला वैतागून बघायचा. आता गीत सगळ्यांचं एकदम संपतं. मंडळीचं गाणं सुधारलं आहे, सरोज, आणि मला ते ऐकवत नाही.

एकटेपणात माणूस स्वतःला बरेच प्रश्न विचारतो. मी हा विचारला, की माझा विश्वास होता कुठे? होता. पण तो आयुष्यभर तुझ्या मागे डबलसीट बसून फिरला. तू बोलायचीस आणि मी आमेन म्हणून सही करायचो. आता चालवायची वेळ आली, तर मला किल्ली कुठे लावायची तेही ठाऊक नाही. डोळे मिटले की समोर अंधार आणि अंधारात कोणी आहे की नाही, हे मला सांगता येईना. हे मी चर्चच्या कमिटीत बोलू शकत नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते मला एखादा उतारा वाचायला सांगतील.

अशात परवा सकाळी भागाबाई आली. तुझी भागाबाई, गंगापूरच्या बाजूने मेथी-शेपू घेऊन येणारी. फाटकातूनच ओरडली, "बाबा, पाटी उतरू लागा जरा." मी जाऊन तिच्या डोक्यावरची पाटी उतरू लागलो. तुला ते एका हाताने जमायचं, मला दोन्ही हात लागले. म्हटलं, एक मेथी दे. तर म्हणाली, "मेथीचं ऱ्हाऊ द्या. सुनेला दवाखान्यात नेलंय. दिस भरलं नाय अजून, आन् बीपी लय वाढलंय म्हणत्यात. ताई करायच्या ना ते, तुमचं ते, बसून बोलायचं."

"प्रार्थना?"

"हां, ते करा."

मी म्हटलं, "भागाबाई, मी पाळकसाहेबांना फोन लावतो. ते चांगली करतील."

"ते कुठं वळखत्यात माझ्या सुनेला? ताईंनी तिला चोळीचं कापड दिलं व्हतं. तुमीच करा."

"अगं पण तुमची देवी..."

"देवीला नवस बोललाच हाय की. पण ताईंच्या देवालाबी सांगून ठेवल्यालं बरं. ताईंची लय वळख व्हती तिथं."

मी म्हटलं, थांब, पुस्तक घेऊन येतो. तर ती वैतागली. "आता पुस्तक हुडकत बसता का, बाबा? मला रिक्षा गाठायचीय." आणि पायरीवर बसून डोक्यावर पदर घेतला, तुझ्यासमोर बसायची तशी.

मी तुझ्यासारखा तिथेच बसलो, पायरीवर. सुनेचं नाव विचारलं. मनीषा. डोळे मिटले आणि पुन्हा तोच अंधार. भागाबाई वाट पाहत होती आणि तिला रिक्षा गाठायची होती. शेवटी मी म्हणालो, "प्रभू, मी बोलतोय." एवढं बोलून थांबलो. मग वाटलं, आता सुरू केलंच आहे तर. "भागाबाईची सून मनीषा दवाखान्यात आहे. तिला वाचव. बाळाला वाचव. तू बहिरा नाहीस हे मला सांगून झालेलं आहे, तरी मी पुन्हा सांगतो, वाचव." इथे माझा आवाज चढला. वाचनाचा आवाज नव्हता तो. "भागाबाईला रिक्षा मिळू दे. साळवे वहिनींचा गुडघा दुखतोय, तो बघ. प्रीती एकटी राहते, तिला जप. आणि सरोजला सांभाळ. तिला थंडी सोसत नाही."

बोलून गेलो आणि मग ऐकलं. मी, कमिटीचा माणूस, तरुणांना शिकवणारा, भर सकाळी पायरीवर बसून गेलेल्या माणसासाठी मागत होतो. भागाबाईने मात्र तुझ्याकडून शिकलेलं "आमेन" म्हटलं, पदराने डोळे टिपले आणि उठली. "ताई लय वेळ करायच्या. तुमची लवकर झाली, बरं झालं," म्हणाली. पाटी उचलू लागलो. मेथीची एक जुडी पायरीवर ठेवून ती गेली.

मी बराच वेळ तिथेच बसलो. मनात सगळे उतारे येत होते, त्यांच्यावरची माझीच उत्तरं येत होती, आणि सगळी बरोबर होती. तू सुखात आहेस, तुला आता थंडी नाही, ऊन नाही, हे मी कोणालाही पटवून देईन. पण मी जे बोललो ते खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत देवासमोरचं माझं ते पहिलं बोलणं होतं, जे कुठे छापलेलं नव्हतं. आणि खरं सांगू? ते बोलताना समोरच्या अंधारात कोणीतरी होतं. माझं वाचन ऐकणारं नाही, नुसतं ऐकणारं. मग मला रडू आलं. मी मेथीची जुडी मांडीवर घेऊन रडलो. साळवे वहिनी वरून बघत होत्या. त्या खाली आल्या नाहीत, खिडकी हळूच लावून घेतली. चांगली बाई आहे.

मग ज्यावरून मी तुला एसटीत समजावलं होतं तेही केलं. देवाला म्हटलं, तू तिला नेलंस, हे काही बरं केलं नाहीस. आणि मी बरं कर म्हणून मागितलं यात माझं काही चुकलं नाही. तू, सरोज, माझ्याशी सहमत नसशील. तू आता त्याच्या बाजूला आहेस, तेव्हा तुम्ही दोघं मिळून हसत असाल. हसा. आपला वाद मी सोडलेला नाही, आणि सोडायचा म्हटलं तर मग माझ्याकडे तुझं राहिलं काय?

काल सकाळी भागाबाई पुन्हा आली, पाटीशिवाय. मुलगी झाली. वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे. मनीषाला रात्रीतून बरं वाटलं, पण बाळाचं डॉक्टर अजून काही खात्रीने सांगत नाहीत. "रडतीया बारीक आवाजात, पण रडतीया," भागाबाई म्हणाली. मी चहा टाकला. दूध उतू गेलं, कारण माझं लक्ष तिच्याकडे होतं. निघताना तिने फाटक लावता लावता मागे वळून सांगितलं, "बाबा, ते बसून बोलायचं बंद करू नका हां इतक्यात."

नाही करणार, म्हणालो.

संध्याकाळी मी वाचलं नाही. खुर्चीत बसलो आणि आधी बोलायलाच लागलो. मनीषाचं सांगितलं. बाळाचं अजून नाव ठेवलेलं नाही, म्हणून काचेच्या पेटीतली मुलगी असं सांगितलं. त्याला कळलं असेल. भागाबाईच्या पायांचं सांगितलं, ती हल्ली लंगडते. साळवे वहिनी, प्रीती. शब्द तुझ्यासारखे येत नाहीत, अडखळतात, मधेच कारखान्यातल्या अर्जासारखे होतात. पण येतात. मग मी तिथे पोचलो, जिथे परवा तुझं नाव आलं होतं. तिथे थांबलो. घरात कोणी नव्हतं, मला अडवणारं कोणी नव्हतं आणि सांभाळून घेणारंही कोणी नव्हतं. शिकवण मला पाठ होती.

परवा तुझं नाव चुकून आलं होतं, सरोज. काल मी ते मुद्दाम घेतलं.